रात्री तीनची जाग : जून ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

मी साताऱ्यात राहते, वय ४६. एका पतसंस्थेत १९ वर्षं काउंटरला आहे. एप्रिलमध्ये दुसऱ्या तालुक्यातली एक पतसंस्था अडचणीत आली आणि आमच्याबद्दलही अफवा उठली. सतरा दिवस दारात रांग होती. कुणाचा रुपया बुडाला नाही, हळूहळू गर्दी ओसरली, सगळे कामाला लागले. मला मात्र मे महिन्यापासून रोज रात्री तीनच्या सुमारास जाग यायला लागली. छातीत धडधड, तोंडाला कोरड, तळहातांना घाम. दिवसा फोन वाजला की पोटात गोळा उठायचा.

हे मार्गी लावायला घेतलं तेव्हापासून वहीत लिहीत गेले. कुणाला असंच काही दुरुस्त करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून उतरवून काढते आहे. खर्च, वाया गेलेले दिवस, चुका, सगळं जसं झालं तसं. गोळ्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला पडेलच असं नाही, आणि ती दुकानात जाऊन स्वतःहून मागायची वस्तू नाही.

९ जून, सोमवार

काल रात्री ३.१० ला जाग आली ती रोजच्यासारखी नव्हती. डावा हात जड, श्वास पुरेना, वाटलं आता काही खरं नाही. ह्यांनी शेजाऱ्यांना उठवलं आणि त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. दोन तास झोपवून ठेवलं, परत काढला, तोही नॉर्मल. रक्तदाब १५०/९० होता, सकाळपर्यंत उतरला. बिल १,४५०.

निघताना सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. टेन्शन घेऊ नका." पहिलं वाक्य ऐकून जिवात जीव आला. दुसऱ्याचं काय करायचं ते कळेना. टेन्शन मी घेत नव्हते, ते रात्री तीनला आपण होऊन येत होतं.

तरी एक लिहून ठेवते. छातीत दुखलं, हात जड झाला, तर आधी हृदयच तपासून घ्यायचं. "मनाचंच असेल" असं म्हणून घरी बसायचं नाही.

११ जून, बुधवार

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले (फी ३००). त्यांनी रक्त तपासायला लावलं, १,१५० रुपये. थायरॉइड ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन ९.२. ते म्हणाले, गेलं वर्षभर तुमची पाळी जास्त जाते आहे, रक्त कमी झालंय, धडधडीचा काही भाग त्याचाही असणार. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं.

थोडं बरं वाटलं. धडधडीला एक तरी कारण असं निघालं जे कागदावर आकड्यात दिसतं.

१४ जून, शनिवार

लोहाच्या गोळीची चूक. तीन दिवस ती सकाळच्या चहाबरोबर घेत होते. चहामुळे लोह अंगी नीट लागत नाही. आता सकाळी अकराला, लिंबूपाण्याबरोबर. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर तरी नाही.

आणि आज मोठा बेत आखला. पहाटे पाचला उठणे, प्राणायाम अर्धा तास, चालणे एक तास, ध्यान, डायरी, मोबाइल बंद, साखर बंद, रोज एक फळ, रात्री हळदीचं दूध, झोपताना स्तोत्र, आठवड्यातून एक उपास. एकूण अकरा कलमं. तक्ता करून फ्रिजवर लावला.

२० जून, शुक्रवार

तक्ता काढून टाकला. सहा दिवसांत एकही दिवस पूर्ण अकरा खुणा झाल्या नाहीत. पहिल्या दिवशी सात, मग पाच, मग दोन. रात्री तीनला जाग आली की आता तक्ताही डोळ्यांसमोर यायचा, "आज फळ राहिलं, ध्यान राहिलं." आधीच्या काळजीत अकरा नव्या काळज्यांची भर पडली.

पहाटे पाचचा तर तोटाच झाला. रात्री झोप तुटलेली, त्यात पहाट गेली, मग दुपारी घरी जेवायला आले की डोळा लागायचा. दुपारी झोपलं की रात्री आणखी उशीर.

२३ जून, सोमवार

भाच्याने सुचवलं म्हणून मनगटावरचं स्मार्ट घड्याळ घेतलं, २,७९९. नाडी दाखवतं, झोप मोजतं. वाटलं, आकडे हातात आले की भीती जाईल.

१ जुलै, मंगळवार

घड्याळ कपाटात ठेवलं. आठवडाभरात सवय अशी लागली की पासबुकात नोंद करता करता मनगट उलटून बघायचं. ८४. परत बघायचं. ९१. ९१ का झालं म्हणून घाबरायचं, की १०३. काल सुट्ट्या नोटा मोजताना दोनदा चुकले, कारण मध्येच नाडी बघितली. रात्री उठल्यावर "गाढ झोप ३८ मिनिटं" हे वाचून उरलेली झोपही उडायची.

ज्याला व्यायामासाठी हवं त्याला घड्याळ उपयोगी पडत असेल. ज्याला आपल्या छातीच्या ठोक्यांचीच भीती बसली आहे त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, हे माझं ठाम मत झालं आहे.

३ जुलै, गुरुवार

आज १४४१६ ला फोन केला. टेली-मानस, सरकारी मदतवाहिनी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर मला महिनाभर आधीपासून माहीत होता. पण "आपलं एवढं काही नाही, खऱ्या गरजूंची लाइन आपण कशाला अडवा" असं वाटून लावत नव्हते. यात एक महिना गेला.

गच्चीच्या जिन्यात बसून बोलले, म्हणजे घरात ऐकू जाणार नाही. पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी घाई केली नाही. झोप, भूक, कामावर जाता का, जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारलं. नाही म्हटलं. पण कुणीतरी इतक्या सरळ विचारल्यावर मला रडू फुटलं. बावीस मिनिटं बोलणं झालं. त्या म्हणाल्या, दोन महिने होत आले, झोप आणि काम दोन्हीवर परिणाम आहे, तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं.

१२ जुलै, शनिवार

कराडला गेले. साताऱ्यात दाखवलं नाही, कारण इथे निम्मं गाव मला काउंटरमुळे ओळखतं. "त्या पतसंस्थेतल्या बाई डोक्याच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या" असं झालं तर पुन्हा अफवा उठेल, अशी भीती. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं, पण जाऊन येऊन पूर्ण दिवस गेला. आणि कराडच्या स्टँडवर आमचे एक ठेवीदार भेटलेच. "कुठं निघालात मॅडम?" म्हणाले. "दवाखान्यात," म्हटलं. "बरं बरं, काळजी घ्या," म्हणाले आणि गाडीत चढले. ज्या प्रश्नाला टाळण्यासाठी पन्नास किलोमीटर आले होते तो एवढ्यात संपला.

डॉक्टरांनी सात प्रश्नांचा कागद दिला. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २१. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली नाही का, वगैरे. माझे १५ आले. १० किंवा त्याहून जास्त आले की लक्ष घालायचं, १५ पासून पुढे तीव्र. सोप्या शब्दांत समजावलं ते असं. सतरा दिवस शरीर पहाऱ्यावर उभं होतं, धोका टळला हे त्याला कळलेलं नाही. कमी रक्ताने धडधड व्हायची, ती धडधड शरीराला धोक्याची घंटा वाटायची, त्याने आणखी धडधड.

अर्धी गोळी आठवडाभर, मग पूर्ण. सोबत समुपदेशन. फी ८००, पुढच्या वेळी ५००. समुपदेशक मॅडमची एका बैठकीची ७००, काही बैठका व्हिडिओ कॉलवर चालतील म्हणाल्या.

१६ जुलै, बुधवार

गोळीने मळमळ. चौथ्या दिवशी बंद करणार होते. आधी डॉक्टरांना फोन केला हे बरं केलं. ते म्हणाले, पहिला आठवडा-दहा दिवस पोट असं करतं, जेवणानंतर घ्या. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर तिच्यावरून निकाल देऊ नका. हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. पुढच्या भेटीला जाताना वही-पेन न्यायचं आणि शक्यतो सोबत कुणाला तरी.

१९ जुलै, शनिवार

समुपदेशक मॅडमबरोबर पहिली बैठक. झोपेचा हिशेब मांडला. मी रात्री साडेनऊलाच अंथरुणावर पडत होते, "लवकर पडलं तर निदान थोडी तरी लागेल" म्हणून. सकाळी सहाला उठायचे. म्हणजे साडेआठ तास अंथरुणात आणि झोप जेमतेम पाच तास. उरलेले साडेतीन तास तिथे पडून काळजी केली, त्यामुळे अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा असं मनाने धरलं.

नियम ठरले ते असे. साडेअकराच्या आधी पडायचं नाही, उठायचं मात्र साडेपाचलाच, रविवारीसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत यायचं. दुपारची झोप नाही. दोननंतर चहा नाही. घड्याळाचं तोंड भिंतीकडे.

२५ जुलै, शुक्रवार

सगळ्यात वाईट आठवडा. पूर्वी निदान पडून राहायचे, आता रात्री तीनला उठून स्वयंपाकघरात शेंगदाणे निवडत बसले. मंगळवारी ऑफिसात पेंग आली. ह्यांना वाटलं औषधाने वाढलं. मॅडमनी आधीच बजावलं होतं की पहिले आठ-दहा दिवस थकवा वाढेल आणि तेव्हाच माणूस सोडून देतो. गाडी चालवत असाल, यंत्रावर काम असेल, फिट येत असतील, तर हे विचारल्याशिवाय करू नका असंही त्यांनी सांगितलं होतं. मी आठवडाभर स्कूटर घेतली नाही.

काल रात्री मात्र पावणेबारा ते साडेचार सलग झोप लागली. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

२ ऑगस्ट, शनिवार

दुसरी भेट, प्रश्नावलीत १२. गोळी तीच.

चिंतेची वही सुरू करून आठवडा झाला. संध्याकाळी सव्वासहा ते साडेसहा, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी. काळजी दिवसभरात कधीही आली तरी तिला "सव्वासहाला ये" म्हणायचं आणि चिठ्ठीवर एक शब्द लिहून ठेवायचा. सव्वासहाला तो शब्द वहीत उतरवून पुढे तीन रकाने. काय होईल असं वाटतं, त्यात माझ्या हातात काय आहे, आज त्यातलं काय करणार.

पहिल्या आठवड्यात ३१ काळज्या. त्यातल्या ११ एकच होत्या, फक्त वेगवेगळ्या कपड्यांत. जेवढ्या खरोखर माझ्या हातात होत्या त्या ६. मुलाची फी, गॅसची नळी बदलणे, स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेणे, असल्या. त्या उरकल्या.

पहिले दोन दिवस ही वही मी झोपताना लिहायचे, ती चूक. डोकं पुन्हा तापायचं. ती संध्याकाळीच लिहायची.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. भाऊ आला होता, कराडची ताई आली होती. जेवणं झाल्यावर सांगून टाकलं. आतापर्यंत फक्त ह्यांनाच माहीत होतं.

भाऊ म्हणाला, "तू तर आमच्यात सगळ्यात खंबीर, तुला कशाला गोळ्या?" सासूबाई म्हणाल्या, कामातून सवड मिळाली की असं होतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण मला बोलून चूक केली असं वाटलं. ताईने मात्र एकच विचारलं, "मी काय करू सांग."

तिच्या त्या प्रश्नावरून सुचलं. "मला समजून घ्या" असं सांगितलं की घरच्यांना काय करायचं ते कळत नाही. म्हणून कामं वाटली. ताईने रोज रात्री साडेआठला फोन करायचा, पाच मिनिटं, तब्येतीची चौकशी न करता. ह्यांनी रात्री मी उठले तर "काय झालं?" विचारायचं नाही, दिवा लावायचा नाही. मुलाने साडेनऊनंतर टीव्हीचा आवाज कमी. सासूबाईंना म्हटलं, दुपारी मी झोपताना दिसले तर उठवा. हे काम त्यांनी इतकं मनावर घेतलं आहे की आता दुपारी डोळा मिटायची सोय नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

फोनची शिडी. मी अनोळखी नंबर उचलणं बंद केलं होतं, ऑफिसातला लँडलाइन वाजला की शिपायाला खूण करायचे. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक वेळी टाळलं की शरीराला वाटतं, बरं झालं टाळलं, नाहीतर काहीतरी झालं असतं. म्हणून खालच्या पायरीपासून.

पहिली पायरी, समोर बसून ह्यांनी मला रिंग द्यायची, मी उचलायची नाही, नुसतं ऐकायचं, भीतीला ० ते १० मध्ये गुण द्यायचे. पहिल्यांदा ७. दहाव्यांदा ३. दुसरी, ताईचा फोन दुसऱ्या रिंगला उचलणे. तिसरी, घरी असताना अनोळखी नंबर उचलणे. चौथी, ऑफिसचा लँडलाइन. पाचवी मी रिकामी ठेवली. ती काय असणार हे मला माहीत होतं, पण लिहिलं नाही.

चूक इथे झाली. दुसरी पायरी सोपी गेली म्हणून बुधवारी सरळ लँडलाइन उचलला. तो जुना फोन आहे, पिवळट पडलेला, पाचचा आकडा घासून गेलेला. एप्रिलमध्ये तो दिवसाला शंभर-शंभरदा वाजायचा. पलीकडून कुणी नुसते व्याजदर विचारत होते, पण माझा आवाज फुटेना. रिसीव्हर शिपायाकडे दिला, बाथरूममध्ये दार लावून उभी राहिले. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. दहा-बारा मिनिटांनी परत येऊन खुर्चीत बसले. घरी गेले नाही. मॅडमनी त्याच गोष्टीची दखल घेतली, परत येऊन बसलात ना, मग ती पायरी अर्धी झाली. आता तिसरीपासून पुन्हा, रोज एक.

१९ ऑगस्ट, मंगळवार

चालण्याबद्दल. रोज वीस मिनिटं, सकाळी सहाला, 'चार भिंती' या गावाजवळच्या टेकडीच्या चढावर, असं जुलैपासून ठरलं होतं. पावसाने अर्धे दिवस बुडाले. "आज पाऊस आहे" हे साताऱ्यात ऑगस्टमध्ये म्हणणं म्हणजे महिनाभर घरी बसणंच. आता नियम असा, पाऊस असेल तर छत्री घेऊन निदान गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. टोकापर्यंत गेलं की बहुतेक वेळा पुढेही जाणं होतं. मन लागेल तेव्हा निघू म्हटलं असतं तर मी जून महिन्यातच अडकून पडले असते.

आज वर पोचले तेव्हा खालचं शहर ढगात बुडालेलं होतं. कुठल्या तरी देवळाचा लाउडस्पीकर ऐकू येत होता, देऊळ कुठलं ते दिसत नव्हतं. पाच मिनिटं तिथे उभी होते आणि त्या पाच मिनिटांत मी कशाचीही काळजी केली नव्हती, हे उतरताना लक्षात आलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

या सगळ्यातली सर्वांत मोठी चूक. २२ तारखेपासून गोळी बंद केली होती, कुणाला न विचारता. झोप लागत होती, बरं वाटत होतं, गणपतीला घरात पाहुणे येणार, ओट्यावरची पाकिटं कुणी बघायला नकोत. "आता आपल्याला गरज नाही."

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवसापासून मान वळवली की चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसावा तसं क्षणभर, चिडचिड, विचित्र स्वप्नं. काल प्रतिष्ठापनेला आरतीचं तबक धरलं आणि हात थरथरायला लागला. निरांजन कलंडलं. मुलाने पटकन तबक घेतलं.

आज डॉक्टरांना खरं ते सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, या गोळीची नशा किंवा ओढ लागत नाही, पण शरीराला तिची सवय झालेली असते, ती एकदम काढली की असं होतं. ती टप्प्याटप्प्याने, महिन्यांच्या हिशेबाने कमी करायची असते. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवावी लागते. आजपासून परत सुरू. तीन आठवडे मागे गेले.

पाकिटं आता देवघराच्या फळीवर ठेवली आहेत, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी.

१३ सप्टेंबर, शनिवार

प्रश्नावलीत ११. गोळी सोडली नसती तर कमी असते, हे डॉक्टरांनी म्हटलं नाही, मला कळलं.

आजच्या बैठकीत पाचव्या पायरीचं बोलले.

आमच्याकडे एक आक्का येतात, सत्तरीच्या पुढच्या. पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर. म्हैस विकून आलेले ८० हजार त्यांनी तेरा महिन्यांच्या ठेवीत ठेवले होते. एप्रिलच्या गर्दीत त्या तीन तास रांगेत उभ्या होत्या. काउंटरपाशी आल्या, जाळीतून माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, तू सांग. तू म्हणशील तसं करते." मी म्हटलं, "आक्का, पैसे कुठं जात नाहीत. निवांत घरी जा." त्या गेल्या.

आत काय चाललंय हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे मात्र मला १९ वर्षं माहीत आहे. तसं मी त्या सतरा दिवसांत किती जणांना सांगितलं त्याची मोजदाद नाही. रात्री तीनला जाग आली की आक्कांचा तो हात मनगटावर असायचा. हे मी आजवर ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही भीती म्हणताय त्यात निम्मी रुखरुख आहे. भीतीला श्वास आणि शिडी उपयोगी पडते. रुखरुखीला त्या माणसासमोर जावं लागतं." आक्कांची ठेव ऑक्टोबरमध्ये पूर्ण होते. पाचवी पायरी लिहिली, आक्कांना स्वतःहून फोन करणे.

२४ सप्टेंबर, बुधवार

फोन केला. त्यांच्या नातवाने उचलला, "आक्का रानात हायत" म्हणाला. ठेवीची तारीख सांगून निरोप ठेवला. आधी भीती ८, फोन ठेवल्यावर ४. नंतरची भर : त्या रात्री दोनदा जाग आली. पुढच्या दोन रात्री एकदाही नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जागतिक मानसिक आरोग्य दिन. व्यवस्थापकांना विचारून १४४१६ ची चिठ्ठी काउंटरच्या काचेखाली लावली, व्याजदराच्या तक्त्याशेजारी. दुपारी एक मुलगी पासबुक भरून होईपर्यंत ती वाचत उभी होती. काही न बोलता मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आक्का आल्या. तीच दुधाची पिशवी, तेच रबर. मुद्दल आणि व्याज मिळून ८७,८०० झाले. परत ठेवू का म्हणाल्या.

या वेळी मी सगळं सांगितलं. "आक्का, इथं व्याज जास्त आहे, पण विमा नाही. बँकेत व्याज कमी, पण ५ लाखांपर्यंत विमा आहे. एप्रिलमध्ये मी तुम्हाला निवांत जा म्हटलं, तेव्हा मलाच नक्की माहीत नव्हतं." माझा आवाज हलत होता. शेजारच्या काउंटरवरचे सहकारी बघत होते.

आक्का थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तवा तू घाबरलीवतीस, ते दिसत हुतंच की. म्हनून तर तुला इचारलं. बाकीचे नुसतं हसत हुते." मग हिशेब घातला. ४० हजार घरावरच्या पत्र्याला, २० हजार इथे, बाकीचे बँकेत. पावती पिशवीत घातली, रबर लावलं आणि गेल्या.

व्यवस्थापकांनी संध्याकाळी विचारलं, ठेव का कमी झाली. मी कारण सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

१ नोव्हेंबर, शनिवार

प्रश्नावलीत ५. हिमोग्लोबिन ११.४. दिवाळीत फराळाच्या गडबडीत चार दिवस वही राहिली, भाऊबीजेच्या रात्री तीनला जाग आली. उठले, करंज्यांचे डबे लावले, वीस मिनिटांत परत झोपले. अजून आठवड्यातून एखादी रात्र अशी जाते.

आतापर्यंतचा खर्च : दवाखाना १,४५०, घरचे डॉक्टर ३००, रक्ततपासणी १,१५०, घड्याळ २,७९९, मानसोपचारतज्ज्ञ पाच भेटी २,८००, समुपदेशन आठ बैठका ५,६००, गोळ्या २,१०० च्या आसपास, एसटी ५०० च्या आसपास. सगळे मिळून १६,७०० च्या घरात. यातलं पूर्ण वाया गेलेलं म्हणजे घड्याळ. घरच्या विम्यात भरती न होता घेतलेले उपचार बसत नाहीत असं एजंटने सांगितलं, म्हणून सगळा खर्च खिशातून. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयात जावं. कराडला जायचं कारण फक्त माझी लाज होती, उपचार नव्हते.

उठणं साडेपाचलाच ठेवलं आहे, झोपायची वेळ अकरापर्यंत मागे आणली. वही आता आठवड्यातून तीन दिवस. गोळी मार्चपर्यंत तरी चालू, नंतर डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी. स्त्रीरोगतज्ज्ञांची तारीख १५ ला आहे, ती अजून एकदा पुढे ढकलायची नाही.